उतारवयातील कुत्र्याचा आहार आणि पचन : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : आमचा लॅब्रॅडॉर 11 वर्षांचा आहे. म्हातारपणी मांस-अंडी मूत्रपिंडाला बाधतात असे ऐकल्यामुळे आम्ही काही महिन्यांपासून त्याला फक्त दूध-पोळी देतो. त्याला वरचेवर जुलाब होतात आणि मागचे पाय बारीक झाले आहेत.

उत्तर : हा सल्ला जुना आहे, आणि तो अजूनही इतक्या खात्रीने दिला जातो याचे नवल वाटते. प्रथिनांमुळे निरोगी मूत्रपिंड बिघडते असे दिसून आलेले नाही. उलट, उतारवयात स्नायू झिजत असल्यामुळे कुत्र्याला चांगल्या प्रतीची प्रथिने तरुणपणापेक्षा अधिकच लागतात. रक्त व लघवीच्या तपासणीत मूत्रपिंडाचा विकार निश्चित झाला तरच पथ्य लागते आणि तेव्हाही मुख्य भर फॉस्फरस कमी करण्यावर असतो.

जुलाबांचे कारण बहुधा दूध असावे. वाढत्या वयाबरोबर दुधातील साखर पचवण्याची शक्ती घटते. न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढून घेते आणि शी पातळ होते. पोळी त्या मानाने निर्दोष आहे, कारण माणसाच्या सहवासात कुत्र्यांनी शिजवलेले धान्य पचवण्याची क्षमता लांडग्यांपेक्षा कितीतरी अधिक कमावली आहे. दूध थांबवा आणि उकडलेले अंडे किंवा बिनहाडाची कोंबडी 7 ते 10 दिवसांत थोडी थोडी वाढवत न्या. मात्र कोंबडी-भात हा कायमचा आहार नव्हे. त्यात कॅल्शियम फारच कमी असते, म्हणून पूरक मात्रा पशुवैद्यकाकडून ठरवून घ्यावी. पाय बारीक होण्यामागे सांधेदुखीही असू शकते, त्यामुळे शी आणि सांधे दोन्ही तपासून घ्या.

प्रश्न : 13 वर्षांचा नर, नसबंदी केलेली नाही. शी करताना फार कुंथतो. इसबगोल द्यावा का?

उत्तर : देता येईल, पण आधी कारण शोधावे. या वयातील नसबंदी न केलेल्या नरांमध्ये प्रोस्टेट ग्रंथी वाढून गुदाशयावर दाबते आणि शी चपट्या फितीसारखी येते. अशा वेळी इसबगोलाने फारसे साधत नाही. गुदद्वाराच्या बाजूला फुगवटा दिसल्यास हर्नियाची शंका घ्यावी. पाठ-कंबर दुखत असल्यामुळे बसताच येत नाही म्हणून शी रोखून धरणारी कुत्रीही असतात, आणि चघळायला दिलेल्या हाडांचा चुरा आतड्यात घट्ट बसतो तो वेगळाच. शिवाय कुंथणे खरोखर शीसाठीच आहे ना, हे नीट पाहा. लघवी अडली असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागतो.

यांपैकी काही नसेल तर इसबगोल भरपूर पाण्यात भिजवूनच द्यावा, कारण कोरडा दिल्यास बद्धकोष्ठ वाढते. उकडलेला लाल भोपळा अधिक सोयीचा पडतो; त्याला मीठ किंवा फोडणी नको आणि कांदा-लसूण तर मुळीच नको, कारण त्यामुळे कुत्र्यांच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात.

प्रश्न : पोट बिघडले की औषधाच्या दुकानातून मेट्रोनिडॅझोल आणून देतो. त्यासोबत दही पुरेल का?

उत्तर : साधे जुलाब पुष्कळदा हलका आहार आणि पाणी यांनीच बरे होतात. हे प्रतिजैविक आतड्यातील उपयुक्त जिवाणूही मारते आणि त्यांची घडी पुन्हा बसायला बराच काळ जातो, म्हणून ते सल्ल्याशिवाय देऊ नये. चमचाभर गोडे दही बहुतेकांना सोसते; तरी दह्यातील जिवाणू कुत्र्याच्या आतड्यात वस्तीला राहतात असे गृहीत धरू नका. कुत्र्यांसाठी तयार केलेले प्रोबायोटिक, म्हणजे उपयुक्त जिवाणूंचे पूरक, अधिक भरवशाचे. शीमध्ये रक्त असेल, ती डांबरासारखी काळी असेल किंवा उलट्याही होत असतील, तर घरगुती उपाय नकोत. माणसांसाठीच्या आयबुप्रोफेन या वेदनाशामक गोळीने कुत्र्याच्या जठरात व्रण होऊन नेमकी अशीच काळी शी होते, तेव्हा असे काही दिले असल्यास डॉक्टरांना सांगायला संकोचू नका.

प्रश्न : तूप घातल्याशिवाय आमची 12 वर्षांची कुत्री जेवत नाही.

उत्तर : तूप कमी करत न्या, विशेषतः ती स्थूल असेल तर, कारण स्निग्ध जेवणाने स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो. अन्न किंचित कोमट करून दिल्यास वास वाढतो आणि रुचीही. तरीही ती तोंड फिरवत असेल, तर दात आणि हिरड्या दाखवून घ्या.