निकाल फिरवला की पूर्वनिर्णय मोडीत काढला?

प्रश्न असा आला आहे : इंग्लंडमधल्या खटल्यांवरचा मजकूर मराठीत आणताना ‘रिव्हर्स’ आणि ‘ओव्हररूल’ या दोन्हींसाठी ‘निर्णय फिरवला’ लिहिले तर चालेल का? आणि ‘प्रिसिडेंट’ला ‘पायंडा’ म्हणावे का?

माझ्या मते दोन्ही टाळावेत. पहिल्या बाबतीत तर अर्थाचा अनर्थ होतो.

आपण ‘निकाल कोणाच्या बाजूने लागला?’ असे विचारतो. म्हणजे निकाल हा त्या दोन पक्षांपुरता असतो. त्या निकालामागे न्यायाधीशांनी कायद्याचे जे सूत्र मांडलेले असते, ते मात्र पुढच्या खटल्यांना लागू होते. या दुसऱ्या गोष्टीला ‘पूर्वनिर्णय’ म्हणावे. वरच्या न्यायालयाने त्याच खटल्याच्या अपिलात हरलेल्याला जिंकवले, तर निकाल फिरवला, हे ‘रिव्हर्स’. पुढे कधीतरी, वेगळ्याच पक्षकारांच्या खटल्यात, जुने सूत्रच चुकीचे ठरवले, तर पूर्वनिर्णय मोडीत काढला, हे ‘ओव्हररूल’.

दोन्ही गोष्टी लागोपाठ घडलेले एक उदाहरण आहे. एका बाईने व्हिडिओ रेकॉर्डर विकत घेतला. पुढे तिच्या घरी चोरी झाली, पोलीस चौकशीला आले, तेव्हा तो रेकॉर्डर चोरीचा असावा असे आपल्याला वाटत होते, हे तिने स्वतःच सांगून टाकले. रेकॉर्डर खरोखर चोरीचा होता याचा पुरावा नव्हता. मग चोरीचा माल घेण्याचा ‘प्रयत्न’ केल्याचा आरोप टिकतो का? मॅजिस्ट्रेटांनी तिला सोडले, हायकोर्टाने आरोप टिकतो असे म्हटले, आणि 1985 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे संसदेच्या ज्या वरिष्ठ सभागृहातले न्यायाधीश तेव्हा तिथले सर्वोच्च न्यायालय होते त्याने, तिच्या बाजूने कौल दिला. इथे हायकोर्टाचा निकाल फिरला. हा अँडर्टन विरुद्ध रायन खटला.

वर्षभरातच, 1986 मध्ये, शिवपुरी खटला त्याच सभागृहापुढे आला. आपल्याजवळ अमली पदार्थ आहे असे आरोपी समजत होता, तपासणीत मात्र ती तपकिरीसारखी निरुपद्रवी भुकटी निघाली. त्याला खालीच दोषी ठरवले होते, कोर्ट ऑफ अपीलने ते मान्य केले होते, आणि लॉर्ड्सनीही शिक्षा कायम ठेवली. म्हणजे या खटल्यात कोणाचाच निकाल फिरला नाही. तरी याच खटल्यात रायन खटल्यातले सूत्र मोडीत निघाले, आणि तसे करणारा मुख्य अभिप्राय लॉर्ड ब्रिज यांचा होता, जे आदल्या वर्षी रायन खटल्यातल्या बहुमतात होते. आपलीच चूक इतक्या लवकर आणि इतक्या उघडपणे दुरुस्त करणाऱ्या न्यायाधीशाबद्दल मला मनापासून आदर वाटतो. त्या बाईची सुटका मात्र तशीच राहिली. ‘रायन खटल्यातील निर्णय फिरवला’ असे लिहिले, तर वाचक समजेल की ती शेवटी दोषी ठरली.

लॉर्ड्सना हे करता आले ते 1966 मधल्या एका निवेदनामुळे. त्याआधी, 1898 च्या लंडन ट्रामवेज खटल्यापासून, हे सभागृह स्वतःच्याच पूर्वनिर्णयांना बांधलेले होते. 2009 पासून त्याची जागा तिथल्या नव्या सुप्रीम कोर्टाने घेतली, अधिकार तोच राहिला. त्याखालच्या कोर्ट ऑफ अपीलला एवढी मोकळीक नाही : 1944 च्या यंग खटल्यानुसार ते काही ठरावीक अपवाद सोडले तर स्वतःशी बांधलेले असते. हायकोर्टाचा न्यायाधीश दुसऱ्या हायकोर्ट न्यायाधीशाचे म्हणणे सहसा मानतो, पण मानलेच पाहिजे असे नाही. काउंटी कोर्टाच्या निकालाने मात्र कोणीच बांधले जात नाही.

म्हणूनच ‘पायंडा’ इथे बसत नाही. पायंडा कोणीही पाडू शकतो, आणि तो पडतो बहुधा वहिवाटीने. पूर्वनिर्णयाला वहिवाट लागत नाही, वरच्या न्यायालयाचा एकच निर्णय पुरतो. तो कोणी दिला आणि कोणापुढे वाचला जातोय, यावर त्याचे वजन ठरते. आपल्या जवळचे उदाहरण प्रिव्ही कौन्सिलचे. 1949 पर्यंत मुंबई हायकोर्टावरची अपिले लंडनला तिथे जात, आणि तिथला निर्णय मुंबईत बंधनकारक असे. त्याच लंडनमधल्या इंग्लिश न्यायालयांना मात्र तो बंधनकारक नव्हता, त्यांच्यापुढे त्याचे वजन फक्त मार्गदर्शक. ‘बंधनकारक पूर्वनिर्णय’ आणि ‘मार्गदर्शक पूर्वनिर्णय’ हे शब्द त्यामुळे जोडीनेच वापरावेत.

याच ओघात तिसरे क्रियापद येईल, ‘डिस्टिंग्विश’. खालच्या न्यायालयाला वरच्याचा पूर्वनिर्णय मोडीत काढता येत नाही, पण समोरच्या खटल्यातली वस्तुस्थिती मुळातच निराळी आहे असे दाखवून तो बाजूला ठेवता येतो. यासाठी आपल्या कोर्टांतले रोजचे वाक्य तयारच आहे : ‘सदर पूर्वनिर्णय प्रस्तुत प्रकरणास लागू पडत नाही.’ तेच घ्यावे. एखाद्या मजकुरात हायकोर्टाने सुप्रीम कोर्टाचा पूर्वनिर्णय ‘मोडीत काढला’ असे दिसले, तर मूळ इंग्रजी पुन्हा उघडून पाहा. तिथे बहुधा हेच क्रियापद असेल.