जगातला सगळ्यात मोठा बार्नेकल कोणता, तो कुठे राहतो? आणि हा शिंपलाच ना?

शिंपला नाही हो. मीपण मालवणला खडकावरची कालवं आणि ही पांढरी खरखरीत टेकाडं एकच समजायचो, पाय कापला की दोघांना सारख्याच शिव्या. पण बार्नेकल कोळंबी-खेकड्यांच्या भाऊबंदांतला. पिल्लू असताना पोहत फिरतो, जागा पसंत पडली की डोक्याकडून चिकट सिमेंट सोडून तिथेच बसतो आणि भोवती चुन्याच्या भिंती उभारतो, मग जन्मभर डोकं खाली पाय वर. त्या पिसासारख्या पायांनी पाणी झाडून प्लँक्टन, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, पकडायचे, बास.

सगळ्यात मोठ्यांत नाव घेतात ते बॅलॅनस न्यूबिलसचं, हे नाव खुद्द डार्विनने १८५४ मध्ये दिलं. चिलीचा पिकोरोको पण दांडगा, तिथे तो सूपमध्ये घालून खातात, पण मी पाहिलाय तो न्यूबिलस. हा अलास्कापासून मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियापर्यंत सापडतो, रुंदी १५ सेंमीपर्यंत आणि उंची कधी कधी ३० सेंमी, म्हणजे तांब्याएवढा ऐवज. प्रवाह जोरात असेल तिथे, ओहोटीच्या अगदी खालच्या रेषेपासून साधारण ९० मीटर खोलीपर्यंत, एकमेकांच्या पाठीवर चढून बसलेले असतात.

सिअ‍ॅटलला भाचीकडे गेलो होतो तेव्हा उन्हाळ्यातल्या मोठ्या ओहोटीला धक्क्याच्या खांबांवर दिसले. एकाला बोट लावलं तर चोचीसारखी झाकणं कट्कन मिटली, मी दचकलोच. मेलेल्याचं कवचसुद्धा रिकामं राहत नाही, ग्रंट स्कल्पिन नावाचा छोटा मासा आत शिरून थोबाड बाहेर काढून बसतो आणि त्याचं टोकदार तोंड हुबेहूब बार्नेकलच्या चोचीसारखं दिसतं.

पण खरी गंमत ती झाकणं खाली ओढणाऱ्या स्नायूत आहे. आपल्या स्नायूचा एक तंतू फार तर केसाएवढा जाड, याचा ३ मिमीपर्यंत, म्हणजे चक्क डोळ्यांनी दिसतो आणि त्यात सुई घालता येते. म्हणून १९६० च्या दशकात शास्त्रज्ञांनी जेलीफिशचं, कॅल्शियम लागलं की चमकणारं प्रोटीन, एक्वोरिन, या तंतूत टोचलं आणि स्नायू आखडायच्या वेळी आत कॅल्शियम सुटतं ते उजेड पडताना पाहिलं. माझ्या बोटाला घाबरून मिटला तेव्हाही आत तेच चाललेलं, फक्त दिवा नव्हता.