दर वाढवला, तरी तुकडा का वाढला?

प्रश्न : कुडाळ तालुक्यात आमचा काजू प्रक्रियेचा छोटा कारखाना आहे. कटिंगला, म्हणजे बी कापून गर काढायला, वीसेक बायका आहेत, मजुरी किलोमागे. गेल्या वर्षी दर वाढवला. महिनाभर काम जोरात झालं, मग तुकडा, म्हणजे फुटलेला गर, वाढला आणि खाडेही सुरू झाले. सुपरवायझर कडक आहे, पण त्याच्या ओरडण्याचा उपयोग होत नाही. बायकांना कामाची गोडी कशी लागेल?
– एक वाचक, कुडाळ

उत्तर : दर कशावर वाढवलात? वजनावर. अख्खा गर निघाला काय नि पाकळी निघाली काय, बाईच्या पदरात पैसे तेवढेच. मग तिने हात जलद चालवला तर तिला बोल कसा लावणार? टरफलातल्या तेलाने बोटं जळतात, तरी वेग कमी होतो म्हणून ती हातमोजे काढून ठेवते. हे तुमच्या दरानेच तिला शिकवलंय.

पण सगळा तुकडा कटिंगवर होत नाही. मी सावंतवाडीकडच्या एका कारखान्यात कटिंग नि सोलणी बरीच वर्षं सांभाळली. एकदा सकाळपासून तुकडाच पडत होता. मी एका जुन्या बाईच्या शेजारी जाऊन बसले. तिने दोन बिया कापून माझ्यापुढे धरल्या. गर टरफलाला चिकटलेला होता. म्हणाली, "ह्येंका वाफ बरी लागाक नाय, ताईनू." बॉयलरवर जाऊन पाहिलं, तर खरंच घाई झाली होती. वाफ कमी पडली की गर सुटत नाही. वाफवलेली बी रात्रभर निवली नाही, तरी गर फुटतो. लहानमोठी बी न चाळता एकत्र आली, तर कापायच्या यंत्राच्या पात्यांमधलं अंतर जुळत नाही आणि गर फुटतो. हे त्या बाईला पहिल्या दहा मिनिटांतच कळलं होतं, पण तिला विचारणार कोण? आदल्या सुपरवायझरपुढे तोंड उघडलं की वर बोलणी खावी लागत.

म्हणून गोडीच्या आधी भीतीचं बघा. सुपरवायझरला ओरडायचं बंद करायला सांगा आणि दुसरं काम द्या : रोज सकाळी पहिला घाणा कापून झाला की दोन जुन्या बायकांना माल कसा आहे ते विचारायचं, वहीत लिहायचं, आणि बॉयलरवर काय बदललं ते दुपारपर्यंत त्यांना येऊन सांगायचं. हे शेवटचं चुकवू नका. विचारून काहीच केलं नाही, तर पुढच्या वेळी कुणी बोलणार नाही.

फ्रेडरिक हर्झबर्ग या मानसशास्त्रज्ञाने १९५९ साली मांडलं की पगार नि कामाची जागा वाईट असली तर माणूस नाराज होतो, पण मन लावून काम करतो ते कौतुकाने, जबाबदारीने, काम जमल्याच्या समाधानाने. मला हे पटतं. मात्र त्याने विचारलं होतं ते पिट्सबर्गकडच्या इंजिनिअरांना नि हिशेबनिसांना. कटिंगच्या बाईला पैसा दुय्यम असतो, असा सोयीचा अर्थ कृपा करून काढू नका. तिच्या मजुरीवर मुलांची फी भागते.

तेव्हा किलोचा दर कमी न करता अख्ख्या गरावर वेगळे पैसे द्या. डब्ल्यू ३२० ही प्रत म्हणजे पाउंडाला ३०० ते ३२० अख्खे गर. त्याचा नि तुकड्याचा बाजारातला फरक तुम्हाला माहीतच आहे. त्यातला वाटा तिला मिळू दे. मात्र माल कच्चा वाफवलेला आला त्या दिवशी तुकड्यापायी तिचं नुकसान करू नका. हातमोजे नि हाताला लावायचं तेल कारखान्याचं असावं.

खाड्यांचं म्हणाल, तर ते कधी पडतात ते हजेरीपटात बघा. लावणीत पडत असतील तर तो आळस नव्हे, घरचं शेत आहे. त्या दिवसांत अर्ध्या पाळ्या ठेवा नि कोण कधी येणार ते बायकांनाच आपसांत ठरवू द्या. आणि बोनस चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी हातावर ठेवू नका. आठ-दहा दिवस आधी द्या, म्हणजे मुंबईकर यायच्या आत त्यांना माटवीचा, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर बांधायच्या फळाफुलांच्या मांडवीचा, बाजार करता येतो.