लक्ष, लक्ष्य आणि तंतुकणिका

प्रश्न असा आहे: 'कर्करोगावरील औषधे अधिक परिणामकारक करण्यासाठी मायटोकॉन्ड्रियांना लक्ष करणे' ही रचना बरोबर आहे का, आणि मायटोकॉन्ड्रियाला, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या सूक्ष्म घटकाला, मराठीत काय म्हणावे?

रचना चूक आहे. लक्ष दिले जाते, वेधले जाते, उडतेही; नेम धरला जातो तो लक्ष्यावर. संस्कृतात 'लक्ष' म्हणजेही वेध, हा बचाव नेहमी पुढे केला जातो. परंतु मराठीने दोन शब्दांना दोन कामे वाटून दिल्यावर तो टिकत नाही.

मराठी शब्द 'तंतुकणिका', आणि तो फार देखणा आहे. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल बेंडा यांनी १८९८ मध्ये ग्रीक 'मितोस' (धागा) आणि 'खोंड्रिऑन' (बारीक दाणा) जोडून मूळ नाव घडवले, कारण सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना कुठे धागे, तर कुठे दाण्यांच्या ओळी दिसत होत्या. मौज अशी की मितोस म्हणजे विशेषेकरून मागावर ताणलेला उभा धागा, आणि आपला 'तंतु' हा 'तन्', म्हणजे ताणणे, या धातूतून आलेला. विणकराचा 'ताणा'ही त्याच कुळातला. प्रतिशब्द घडवणाऱ्याने हे जाणूनबुजून केले असावे, असा माझा ग्रह आहे. पुरावा मागू नये. 'खोंड्रिऑन' ज्यावरून आला त्या 'खोंड्रोस'चा (दाणा) दुसरा अर्थ कूर्चा, म्हणजे लवचीक मऊ हाड. त्यावरूनच बरगड्यांच्या कूर्चेखालच्या भागाला 'हायपोकॉन्ड्रिया' म्हणत, आणि उगीच आजाराची धास्ती घेणाऱ्याला मिळालेले नावही तिथलेच.

शब्द कामावरून घडवावा म्हणून 'ऊर्जागृह' सुचवणाऱ्या परिभाषाकारांना मात्र कर्करोगावरील औषधांच्या याच विषयाने तोंडघशी पाडले आहे. सायटोक्रोम-सी हे प्रथिन तंतुकणिकेत ऊर्जानिर्मितीसाठी इलेक्ट्रॉन वाहून नेते. तेच पेशीद्रवात सुटले की पेशीच्या मरणाची साखळी सुरू होते. काही कर्कपेशी बीसीएल-२ या प्रथिनाच्या बळावर ही सुटका रोखून धरतात, आणि अमेरिकेत २०१६ मध्ये मान्यता मिळालेले व्हेनेटोक्लॅक्स हे औषध नेमके त्या प्रथिनाला जखडते. दुसरी युक्ती विद्युतभाराची: तंतुकणिकेचा आतला भाग ऋणभारित असल्याने, औषधाला योग्य धनभारित रेणू जोडला तर ते तिच्यात खेचले जाऊन साठते. मरणाचे दार जिथे उघडते त्या जागेला ऊर्जागृह म्हणणे म्हणजे अर्धे सांगून गप्प बसणे होय.

राहिला मूळ प्रश्न. औषध मराठीत 'लागू पडते', तेव्हा लिहावे: 'कर्करोगावरील औषधे अधिक लागू पडावीत म्हणून तंतुकणिकांवर नेम धरणे'.