डास संपत का नाहीत? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : आमच्या प्रभागात दर आठवड्याला धुराची गाडी येते, तरी गल्लीत डेंग्यूचे रुग्ण निघाले. औषधात भेसळ असते का? (सोलापूर)

औषध चोख असले तरी धुराने मरतो तो त्या वेळी उडत असलेला डास. डेंग्यू पसरवणारी एडिस मादी घरात पलंगाखाली, खुंटीवरच्या कपड्यांमागे बसलेली असते. गाडी आली की आपण दारे-खिडक्या लावून घेतो, मग धूर तिच्यापर्यंत पोचणार कसा? पाण्यातल्या अळ्यांवर तर त्याचा परिणामच होत नाही. रुग्ण सापडलेल्या घरांभोवती धुरळणी जरूर करावी. एरवी नगरसेवकांकडे गाडीपेक्षा घरोघरी अळ्या शोधणारी माणसे मागा.

प्रश्न : आम्ही आठवड्याला पिंप रिकामे करतो. तरीही अळ्या होतातच. (लातूर)

पिंप आतून घासता का? एडिस पाण्याच्या पातळीच्या जरा वर, ओलसर काठाला अंडी चिकटवते. ती कोरडी राहूनही कित्येक महिने तग धरतात आणि पाणी भरले की फुटतात. काही अंड्यांत तर डेंग्यूचा विषाणू मादीकडूनच आलेला असतो. म्हणून कोरड्या दिवशी, म्हणजे आठवड्यातून पिंप रिकामे करायच्या दिवशी, ते काथ्याने घासायचे, उन्हात वाळवायचे, भरल्यावर तोंडाला फडके घट्ट बांधायचे. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, त्यामुळे आठवड्याचा नेम चुकवू नका.

पण नळाला सहा-सात दिवसांनी पाणी येत असेल, तर साठवलेले पाणी बाई ओतून कशी देईल? अशा घरांना नोटिसा बजावणे मला अन्यायाचे वाटते. रोज पाणी देणे हाही डास-नियंत्रणाचाच भाग आहे आणि ते काम पालिकेचे आहे.

प्रश्न : देवीचा रोग गेला, मग मलेरिया का जात नाही? (नागपूर)

देवीचा विषाणू फक्त माणसात राहत असे आणि त्यावर खात्रीची लस होती. इथे मध्ये डास आहे. आपण प्रयत्न केला नाही असे नाही. १९५८ साली निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला, घराघरांत डीडीटी फवारली गेली. १९६५ च्या सुमारास देशातले रुग्ण लाखाच्या आसपास आले. १९७६ मध्ये तेच ६४ लाखांवर गेले. डास डीडीटीला दाद देईनासे झाले होते, गावोगावच्या कामात ढिलाई आली होती, आणि शहरांतल्या विहिरी-टाक्यांत वाढणाऱ्या ॲनोफिलीस स्टीफेन्साय या मलेरियाच्या डासाकडे पुरेसे लक्ष गेले नव्हते.

तरीही निराश होऊ नका. श्रीलंका २०१६ साली मलेरियामुक्त जाहीर झाली. मलेरिया वाहणारे डास तिथे आजही आहेत. ताप आलेल्या प्रत्येकाचे रक्त लगेच तपासायचे, पूर्ण औषधोपचार करायचा आणि बाहेरून आलेल्या रुग्णांवर नजर ठेवायची, यावर त्यांनी भर दिला. डासाला चावायला संसर्ग असलेला माणूसच मिळाला नाही, तर साखळी तुटते. आशाताई रक्तनमुना घ्यायला आल्या तर त्यांना परत पाठवू नका.

प्रश्न : प्रयोगशाळेत वाढवलेले डास सोडून डेंग्यू थांबेल का? (पुणे)

आशा ठेवण्यासारखी गोष्ट आहे. वोलबाकिया हा जिवाणू एडिसच्या अंगात असला की डेंग्यूचा विषाणू तिच्यात नीट वाढत नाही. इंडोनेशियातल्या योग्याकार्ता शहरात असे डास सोडलेल्या भागांत डेंग्यू ७७ टक्क्यांनी कमी आढळला. पुदुच्चेरीच्या संशोधन केंद्रानेही असे डास तयार केले आहेत. ते आपल्या गल्लीत येईपर्यंत पिंप घासावेच लागेल.

प्रश्न : गप्पी मासे कुठे सोडावेत? (सातारा)

वापरात नसलेली विहीर, हौद, कारंजे. नदी-तळ्यात मुळीच नको. हे परके मासे स्थानिक माशांच्या मुळावर येतात.