पॅच पोकळ वाजतोय? मग आधी त्याची पाठ बघा

छज्ज्याला बाँडिंग एजंट (जुन्या काँक्रीटला नवा मसाला चिकटावा म्हणून मध्ये मारायचा कोट) लावून पॅच मारला, दोन महिन्यांत तो पोकळ वाजायला लागला, आता वरून इपॉक्सी मारू का, असं तुम्ही विचारलंय. वाचून पोटात गोळाच आला, कारण माझ्या जिन्याच्या स्लॅबखाली हेच झालं होतं. नका मारू. सुटलेल्या थरावर कितीही चांगलं लावलं तरी ते त्या थराबरोबरच खाली येणार.

ठिसूळ काँक्रीट काढणं, सळईचा गंज घासणं हे तुम्ही केलं असेलच. माझा घात वेगळ्याच जागी झाला. माझा बाँडिंग एजंट एसबीआर लॅटेक्स होता, म्हणजे पाण्यात मिसळलेलं कृत्रिम रबर. मिस्त्रीने सकाळीच सगळ्या भागाला एकदम कोट मारून घेतला, मग मिक्सर बिघडला आणि मसाला यायला दुपार झाली. मी बोट लावून पाहिलं. चिकटपणा अजिबात नव्हता, नखाने ओरखडलं तर रबरासारखा पापुद्रा उठत होता. मला वाटलं, कोट छान बसलाय. वाळलेला कोट जोडत नाही, उलट दोन थरांच्या मध्ये कागद घातल्यासारखा आड येतो. मसाला कोट चिकट असतानाच दाबून बसवायचा असतो.

पाच महिन्यांनी तुकडा निखळला. त्याची पाठ काचेसारखी गुळगुळीत, जुन्या काँक्रीटचा कणही नाही. तुम्हीही एक तुकडा काढून हेच बघा. पाठीला जुन्या काँक्रीटचे खडे चिकटून आले तर खालचं काँक्रीटच कच्चं राहिलं होतं. साफ निघाला तर संशय कोटावर.

दुसऱ्या खेपेला एका पट्ट्यात कोट पुन्हा वाळला, म्हणून माल बनवणाऱ्यांच्या तांत्रिक विभागाला फोन केला. उत्तर मिळालं, 'त्यावरच दुसरा हात मारा.' मारला, आणि नेमका तोच पट्टा सुटला. नंतर फोटो पाठवले, तोच फॉर्म तीनदा भरला, शेवटी एका ओळीचं पत्र आलं: वापरणाऱ्याची चूक. आधी विचारलं होतं त्याचा उल्लेखही नाही. याचा राग अजून गेलेला नाही. वाळलेला कोट खरवडून काढायचा, पृष्ठभाग पुन्हा खडबडीत करायचा आणि मगच नवा कोट, एवढं सांगायला त्यांना काय जड होतं?

आता मी एकाने ब्रश मारायचा आणि दुसऱ्याने लगेच मागोमाग मसाला दाबायचा, असंच करून घेतो, हातभर हातभर. लॅटेक्ससाठी जुनं काँक्रीट आतून ओलं हवं, वर मात्र पाणी चमकता कामा नये. इपॉक्सीला साधारणपणे कोरडं लागतं, आणि तोही वाळला की तीच गत. पांढऱ्या गोंदासारखा पीव्हीए ओल येते तिथे मुळीच नको. एएसटीएम सी १०५९ या बाँडिंग लॅटेक्सच्या अमेरिकी मानकात पाण्याने पुन्हा विरघळणारा टाइप १ आणि न विरघळणारा टाइप २ असे दोन प्रकार आहेत. छज्ज्याला दुसराच घ्या. माझं मत विचाराल तर खडबडीत, स्वच्छ, नीट भिजवलेल्या काँक्रीटवर कोटाशिवाय दाबून बसवलेला मसाला घाईत मारलेल्या कोटापेक्षा बरा. सगळे सहमत होणार नाहीत.

मी इंजिनिअर नाही. सळई झिजून बारीक झाली असेल तर पॅचचा विचार सोडा, छज्ज्याखालून जा-ये बंद करा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. तसं नसेल तर तुकड्याच्या पाठीचा फोटो टाका, बघून सांगतो.