मध्ययुगीन इंग्लंडमध्ये जमीनदार गावाच्या सामाईक कुरणाला कुंपण घालू शकत होता का?

हो, पण अटी होत्या. आधी एक गैरसमज काढून टाका: 'सामाईक' म्हणजे बिनमालकीची जमीन नव्हे. पडीक रान जमीनदाराचंच असे, त्यावरचे वापराचे हक्क मात्र गावकऱ्यांच्या जमिनीला चिकटलेले असत. गुरं चारणं, सरपण आणि दुरुस्तीपुरतं लाकूड तोडणं, जळणासाठी पीट (दलदलीतली, वाळवून जाळता येणारी माती) खणणं, शरद ऋतूत ओकची फळं खायला डुकरं रानात सोडणं, असा प्रत्येक हक्क वेगळा मोजला जाई. किती गुरं चारायची? बऱ्याच ठिकाणी हिशेब साधा होता: स्वतःच्या जमिनीतल्या वैरणीवर हिवाळाभर जितकी जगवता येतील तितकीच.

१२३५ च्या मर्टन कायद्याने जमीनदाराला पडीक रान बंदिस्त करायची मुभा दिली. मात्र स्वतंत्र कुळांना पुरेसं कुरण आणि तिथे जायची-यायची वाट शिल्लक राहायला हवी होती. नाही राहिली, तर कूळ राजाच्या न्यायालयात दावा लावी आणि 'पुरेसं' म्हणजे किती, ते पंच ठरवत.

खरी मेख इथेच आहे. वेठीला बांधलेल्या व्हिलेन कुळाला जमिनीबाबत आपल्या धन्याविरुद्ध त्या न्यायालयात उभंच राहता येत नसे. त्याच्यासाठी उरे ते मॅनरचं, म्हणजे जमीनदाराच्या जहागिरीचं न्यायालय आणि गावची वहिवाट, आणि ते न्यायालय भरवणारा पुन्हा तोच जमीनदार. कुंपणाचा फटका म्हणूनच सगळ्यांना सारखा बसला नाही. ज्याच्याकडे दावा लावायचा हक्कच नव्हता, त्याची गाय आधी उपाशी राहिली.